साखरेऐवजी गोळी : कितपत सुरक्षित?

मधुमेही रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात, "चहात साखरेऐवजी गोळी चालेल का? तिने कर्करोग तर होणार नाही?"

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातले. मात्र पुरावा मर्यादित असल्याचेही नमूद केले. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने प्रतिकिलो वजनामागे दररोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण २,४०० मिलिग्रॅम होते. चहातील एक-दोन गोळ्या त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम वर्ज्य करावे.

खरा धोका निराळाच आहे. 'शुगर-फ्री' बर्फीत खवा व तूप असतेच. तशा बिस्किटांतील मैद्यानेही रक्तशर्करा वाढते. 'साखर नाही' या समाधानात मात्र चार घास अधिक जातात. वजन घटविण्यासाठी साखरेचे असे पर्याय वापरू नयेत, असा सल्ला संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

गोळी हा तात्पुरता आधार होय. गोडाची ओढच हळूहळू कमी करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.