डिझेल ट्रकला इलेक्ट्रिक फीड पंप कोठे बसवावा?

कळवणच्या बाजारात उन्हाळ कांदा नेताना ट्रक चढावर बंद पडला, तर डिझेलमध्ये हवा शिरली आहे का ते आधी पाहावे. इलेक्ट्रिक पंप डिझेल जोराने ढकलतो, पण ओढतो कमी. म्हणून तो इंजिनाजवळ न लावता टाकीशेजारी, चॅसिसच्या आतील बाजूस, टाकीच्या तळाच्या पातळीत बसवावा. पंपापुढील नळी फुटली तर डिझेल ठिबकताना दिसते. टाकीकडील नळीतून मात्र हवा गुपचूप आत शिरते. ती नळी शक्य तितकी आखूड ठेवावी. पंपाआधी गाळणी, पंपाखाली रबर द्यावे. सायलेन्सरपासून तो दूर असावा. वायरीत फ्यूज घालावा. चावी बंद करताच पंप थांबतो याची खात्री करूनच माल भरावा.