एकाला एक, एकाला दोन: पत्त्यांचा हिशेब

'पत्ता कट झाला', 'हुकमी एक्का', 'डाव साधला'. पत्त्यांनी मराठीला दिलेले हे शब्द आपण रोज वापरतो. पण पत्त्यांच्या खेळातली एक कल्पना अजून आपल्या बोलण्यात रुळलेली नाही. इंग्रजीत तिला 'कार्ड अ‍ॅडव्हांटेज' म्हणतात. आपण तिला 'पत्त्यांची आघाडी' म्हणूया.

सुरुवात ओळखीच्या डावापासून करू. बेळगाव-निपाणीकडे गणपतीत रात्र जागवताना पाच-तीन-दोन हमखास रंगतं. तीन खेळाडू, 30 पत्ते, प्रत्येकाला 10. एकाने 5 हात करायचे, दुसऱ्याने 3, वाटणाऱ्याने 2. एखाद्याने एक हात जादा केला आणि दुसऱ्याला एक कमी पडला, तर पुढच्या डावात जादावाला कमीवाल्याचा एक पत्ता न बघता ओढतो आणि आपल्याकडचा नकोसा पत्ता त्याला देतो. नियम घरोघरी थोडे बदलतात, पण गंमत तीच. आता मोजा. ओढण्याआधी दोघांकडे दहा-दहा, नंतरही दहा-दहा. मग कमीवाला कुरकुरतो का? कारण गेला एक्का आणि आली अठ्ठी. संख्या सारखी, किंमत वेगळी. हा पहिला धडा.

आता 'मॅजिक: द गॅदरिंग'कडे वळू. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 साली बाजारात आला. इथे सामाईक गड्डी नसते. प्रत्येकजण निदान 60 पत्त्यांची स्वतःची गड्डी आणतो, सुरुवातीला 7 पत्ते घेतो आणि मग पाळीला एक उचलतो. पत्ता खेळायला 'मॅना' लागतो. तो जमिनीच्या पत्त्यांतून मिळतो, आणि जमीन साधारणपणे पाळीला एकच मांडता येते. समोरच्याचं 20 लाईफ शून्यावर आणलं की तुम्ही जिंकलात.

पाळीला एकच पत्ता मिळत असल्यामुळे प्रत्येक पत्त्याचा हिशेब लागतो. 'लाइटनिंग बोल्ट' टाकून समोरच्याचा एक प्राणी मारला: तुमचा एक गेला, त्याचा एक गेला. बरोबरी. 'डिव्हिनेशन' खेळून दोन पत्ते उचलले: एक गेला, दोन आले. एकाची आघाडी. 'रॅथ ऑफ गॉड' पटावरचे सगळे प्राणी मारतो. त्याचे तीन मेले आणि तुमचा एकही नव्हता, तर दोनाची आघाडी. उलटही होतं. तुमच्या लहानशा सैनिकाला बळ द्यायला त्याच्यावर 'होली स्ट्रेंग्थ' चढवलं आणि समोरच्याने एका बोल्टने त्याला मारलं, तर सैनिक गेला आणि बळही गेलं. एकाला दोन, आणि तोटा तुमचा.

पत्ता, मॅना, लाईफ ही सगळी साधनंच. मग त्यांत मोलाचं कोणतं? पहिल्याच संचात याची परीक्षा झाली. पाच पत्ते, प्रत्येकाची किंमत एक मॅना, आणि प्रत्येक 'तीन' काहीतरी देणारा. लाइटनिंग बोल्ट तीनाचा मार देतो, 'हीलिंग साल्व' तीन लाईफ, 'डार्क रिच्युअल' तीन मॅना, 'जायंट ग्रोथ' प्राण्याला पाळीपुरतं तीनाचं बळ, आणि 'अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल' तीन पत्ते. कागदावर पाचही सारखे. पण आज अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल 'व्हिंटेज' प्रकारात गड्डीत एकच ठेवता येतो, 'लेगसी'त तर त्यावर बंदीच आहे. हीलिंग साल्ववर बंदी घालायची कुणाला गरजच वाटली नाही. कारण सरळ आहे. तीन लाईफ मिळालं तरी मारणारा प्राणी पटावर तसाच उभा असतो, पुढच्या पाळीला परत मारतो. तुमचा पत्ता खर्च झाला, त्याचा एकही नाही. उलट तीन पत्त्यांतून मार, बचाव, जमीन, जे हवं ते निघू शकतं.

म्हणून नुसतं पत्ते साठवत बसायचं का? नाही, इथेच नवशिके फसतात. तुम्ही तीन मॅना देऊन शांतपणे पत्ते उचलता, तेवढ्यात समोरचा पटावर प्राणी मांडून मोकळा होतो. लाईफ शून्य झालं तेव्हा हातात सात पत्ते होते की एक, कुणी विचारत नाही. पाच-तीन-दोनमध्येही एक्का फार वेळ दडवून ठेवला की कुणीतरी तो हुकमाने कापतोच. आघाडी वेळेत वापरली तरच आघाडी, नाहीतर ती नुसती शिल्लक.

महागडे पत्ते असलेलाच जिंकतो असं म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण पूर्ण नाही. महागडा पत्ताही साध्या बोल्टने मरू शकतो. खिशात कमी पैसे असलेल्याला हा हिशेब म्हणूनच जास्त कामाचा. पुढच्या डावात पत्ता टाकण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा: माझं किती गेलं? त्याचं किती गेलं? आणि जे उरलं ते वापरायला मला वेळ उरलाय का?