वेगळी वस्ती आणि हिंसक गुन्हे : अमेरिकेतील हिस्पॅनिक समाज

समाजशास्त्राच्या तासाला मी पुष्कळ वर्षे फळ्यावर एक साखळी लिहीत आलो : वेगळी वस्ती, म्हणून दारिद्र्य, म्हणून गुन्हे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग एल पासो शहराचे काय?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेले लोक. २०२० च्या जनगणनेत ते सुमारे ६ कोटी २० लाख होते. त्यांची वस्ती किती वेगळी, हे एका निर्देशांकाने मोजतात. समजा, गावात दोनच प्रभाग आहेत. हिस्पॅनिकांपैकी ८० टक्के पहिल्यात, २० टक्के दुसऱ्यात. इतरांपैकी ३० टक्के पहिल्यात, ७० टक्के दुसऱ्यात. दोन्हींकडे फरक ५० चा. बेरीज १००, तिची निम्मी ५०. म्हणजे निम्म्या हिस्पॅनिकांनी घर बदलले तरच वाटणी सारखी होईल. २०१० मध्ये अमेरिकेच्या महानगरांत हिस्पॅनिक व गोरे यांच्यातील हा आकडा सरासरी ४८ च्या आसपास होता. कृष्णवर्णीय व गोरे यांच्यातील ५९.

हे वेगळेपण केवळ आवडीचे नव्हे. १९३० नंतर सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशांत अनेक मेक्सिकन वस्त्या लाल रंगाने, म्हणजे कर्जास धोक्याच्या म्हणून, दाखविल्या गेल्या. घरविक्रीतील भेदभावाला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. मॅसी आणि डेंटन यांनी १९९३ च्या ग्रंथात दाखविले, की गरीब समाज एकीकडे कोंडला की दारिद्र्यही तेथेच साचते. येथवर माझी साखळी टिकते.

पुढची कडी मात्र तुटते. एल पासोत पाचांपैकी चार जण हिस्पॅनिक, उत्पन्न बेताचे. तरी खुनांचे प्रमाण मोठ्या शहरांत दीर्घकाळ कमी राहिले. २०१९ मध्ये तेथे गोळीबारात २३ जण मेले, पण मारेकरी हिस्पॅनिकद्वेषाने पेटून बाहेरगावाहून आला होता! शिकागोत सॅम्पसन व सहकाऱ्यांनी १८० वस्त्यांतील सुमारे ३,००० मुले-तरुण पाहिले. स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत हिंसेची शक्यता तिसऱ्या पिढीपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी आढळली. स्थलांतरितांच्या दाट वस्तीतही हिंसा कमीच. नव्याने आलेले कुटुंब कामाच्या ओढीने आलेले असते, नातलगांचा शेजार धरून राहते, हे त्याचे एक कारण असावे.

माझी साखळी जुन्या वह्यांत उतरवून घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांनी तिची शेवटची कडी खोडावी, ही विनंती.