मामाची भेट

माझी धाकटी बहीण नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प या गावी राहते. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे निघालो, तेव्हा भाच्यासाठी काय न्यावे, असा प्रश्न पडला. चकली-चिवडा तर होताच. पण हा मुलगा आता पंधरा वर्षांचा. घरोघरी जाहिरातींची पत्रके वाटून त्याने पैसे साठवले होते आणि त्यांतून तो आपल्या हाताने संगणक जोडणार होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो. संगणक-कक्षाची देखभालही माझ्याचकडे. तेव्हा मी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर गेलो आणि ऐटीत म्हणालो, "सोळा जीबीची एक रॅम द्या."

"कुठली?" दुकानदाराने विचारले.

"चांगली!" मी म्हणालो.

त्याने विचारायला हवे ते विचारले होते. उत्तर मात्र मला देता आले नव्हते.

हूफडॉर्पला जेवणाच्या टेबलावर भाच्याने सगळे सुटे भाग मांडून ठेवले होते. मी दिलेली पुडी त्याने उघडली, पट्टीवरची चिठ्ठी वाचली आणि क्षणभर गप्प राहिला.

"मामा, रॅम छान आहे. पण ही डीडीआर ४ आहे. माझा मदरबोर्ड एएम ५ जातीचा. त्याला फक्त डीडीआर ५ चालते."

"असा काय मोठा फरक असणार!" असे म्हणत मी पट्टी खाचेवर धरली. लांबी तंतोतंत तीच. संपर्कबिंदूही दोन्हींत २८८. मी अंगठ्याने दाबणार, तोच तो ओरडला, "मामा, जोर लावू नका!"

पट्टीच्या खालच्या कडेला एक छोटासा काप असतो आणि मदरबोर्डच्या खाचेत तेवढाच उंचवटा. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांचे काप अगदी थोडे इकडे-तिकडे आहेत. हे मुद्दाम केलेले आहे. एकीला १.२ व्होल्ट लागतात, दुसरीला १.१, शिवाय दुसरीत वीज नियंत्रित करणारी चिप पट्टीवरच असते. चुकीची पट्टी बसूच नये, म्हणून तो काप. तो उंचवटा नसता, तर त्या दिवशी माझ्या अंगठ्याने भाच्याची कित्येक महिन्यांची पायपीट वाया घालवली असती.

"पण ही विसरते तरी कशी?" बहिणीने विचारले. "संगणक बंद केला की रॅममधले सगळे पुसले जाते म्हणतात."

याचे उत्तर दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच सापडले. हूफडॉर्प आहे तिथे पूर्वी हार्लेम सरोवर होते. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या तीन पंपगृहांनी ते उपसून कोरडे केले. त्यांपैकी क्रूकियस हे पंपगृह आज संग्रहालय आहे. त्याच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास सुमारे बारा फूट! मी तर तिथून हलायलाच तयार नव्हतो. ते इंजिन १९३३ मध्ये थांबले, पण उपसा थांबलेला नाही. ही जमीन समुद्रसपाटीपेक्षा सुमारे चार मीटर खाली. पाणी झिरपते, पाऊस पडतो. पंप बंद पडले, तर सरोवर परत येईल.

रॅमचेही असेच. फक्त इथे पाणी आत येत नाही, वीज बाहेर झिरपते. सोळा जीबीच्या पट्टीत तेरा हजार कोटींहून अधिक सूक्ष्म धारित्रे असतात. प्रत्येकात विजेचा इवलासा साठा, आणि तो सतत गळणारा. म्हणून डीडीआर ४ मध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरली जाते. वीज गेली की भरणे थांबते आणि रॅम सारे विसरते. आता असे भरणे, वाचणे, लिहिणे ठरल्या वेळी व्हायचे, तर पट्टी आणि प्रोसेसर यांचे ताल जुळायलाच हवेत.

म्हणून भाच्याने नवी रॅम निवडताना घाई केली नाही. त्या सुमारास रॅमचे भाव चढू लागले होते. चुकायला जागाच नव्हती. मदरबोर्डच्या उत्पादकाने कोणकोणत्या पट्ट्या तपासून पाहिल्या, त्याची यादी असते. ती त्याने ओळीने वाचली. लॅपटॉपची आखूड पट्टी नको, सर्व्हरची 'रजिस्टर्ड' नको. एकाच डब्यातली जोडी घेतली, कारण जोडी एकत्र तपासलेली असते. चार खाचांपैकी प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या 'खट्' आवाज होईपर्यंत बसवल्या.

बटण दाबले. पंखे फिरले. पडदा मात्र काळाच.

एक मिनिट गेले. दोन गेली. "अरे, बंद कर ते!" बहीण म्हणाली. भाच्याचा चेहरा उतरला होता. तरी तो हात मांडीखाली दाबून बसून राहिला. पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर ५ चा ताल जुळवायला संगणकाला काही मिनिटे लागू शकतात, हे त्याने वाचले होते. वाचणे वेगळे आणि तसे बसून राहणे वेगळे. मी घड्याळाकडे पाहायचे सोडून दिले. अखेर पडद्यावर अक्षरे उमटली.

डब्यावर ६००० असा वेग छापला होता. पडद्यावर ४८०० दिसत होता. मी पुन्हा घाबरलो. "तो ठरलेला मूळ वेग आहे, मामा," असे म्हणत त्याने सेटिंगमधला 'एक्स्पो' हा पर्याय चालू केला आणि आकडा ६००० झाला.

माझी भेट माझ्याबरोबरच परत आली. शाळेच्या संगणक-कक्षात खिडकीजवळचा संगणक फार रेंगाळायचा. या वेळी मी आधी त्याचे झाकण उघडले, आतल्या पट्टीवरची चिठ्ठी वाचली : डीडीआर ४, २४००. माझी पट्टी ३२०० ची. पण दोघी शेजारी बसल्या की संथ असलेलीचा वेग दोघींना धरावा लागतो. काप जुळतो की नाही ते दोनदा पाहिले आणि मग अंगठा दाबला.

'खट्!'