दिलेला शब्द आणि त्याची किंमत

ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग ज्या जुन्या किल्ल्यांत आहे, तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं बाहेरून तरी पाहिला असेल. पोर्तुगीजांनीं तो बांधावयास घेतला, १७३७ त तो मराठ्यांकडे आला, आणि डिसेंबर १७७४ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनीं हल्ला करून तो जिंकला. ह्या किल्ल्याविषयीं व साष्टी बेटाविषयीं पुढें एक वचन दिलें गेलें आणि मोडलें गेलें. वचनपालनाचा ह्या आठवड्याचा पाठ आम्ही त्यावरून घेतों.

१७७६ त कलकत्त्याच्या सरकारच्या वतीनें कर्नल अप्टन ह्यानें पुरंदरास तह केला. त्याप्रमाणें इंग्रजांनीं रघुनाथरावाचा पक्ष सोडावयाचा होता. मुंबईकरांनीं त्यास सोडलें तर नाहींच, उलट १७७८ च्या नोव्हेंबरांत त्याला घेऊन पुण्यावर चाल केली. जानेवारी १७७९ त फौज तळेगावास पोहोंचली, तों गांव जळालेलें व दाणावैरण नाहीं. तेव्हां रात्रींच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत ढकलून ती मागें फिरली आणि वडगांवास मराठ्यांच्या वेढ्यांत सांपडली.

बोलणें करावयास फार्मर नांवाचा गृहस्थ गेला. कलकत्त्याच्या संमतीवांचून तह करण्याची आम्हांस मुखत्यारी नाहीं, असें त्यानें सांगितलें. त्यावर महादजी शिंद्यांनीं विचारलें कीं, मग अप्टनसाहेबांचा तह मोडण्याची मुखत्यारी तुम्हांस कोणीं दिली? ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. शेवटीं इंग्रज पुढाऱ्यांनीं होम्स ह्यास पूर्ण अधिकारपत्र देऊन पाठविलें, आणि १६ जानेवारीस तह झाला. ठाणें व साष्टी परत द्यावी, रघुनाथरावास स्वाधीन करावें, बंगाल्याकडून येणारी फौज थांबवावी, अशी त्यांतील कलमें होतीं. फार्मर व स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहिले, आणि एवढ्या शब्दावर मराठ्यांनीं सर्व फौज घरीं जाऊं दिली.

फौज घाट उतरते न उतरते तोंच बंगाल्याच्या फौजेस थांबविण्याचा हुकूम मागें घेण्यांत आला, आणि मुंबईच्या मंडळानें तह नाकारला. पुढाऱ्यांपैकीं कारनॅक ह्यानें मागाहून जें समर्थन केलें तें ऐकण्यासारखें आहे: होम्सला दिलेल्या अधिकारपत्रास कांहीं किंमत नाहीं, हें आम्ही तें देतांनाच मनांत धरून होतों! अडचणींत सांपडलेला मनुष्य वचन देतो व पुढें तें पाळूं शकत नाहीं, ही दुर्बलता होय. पण मनांत एक आणि कागदावर एक ठेवून सही करणें हें निराळें आहे. गिबोनी लोकांनीं यहोशवापासून शब्द फसवून घेतला होता, तरी इस्राएलाच्या सरदारांनीं तो मोडला नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, मग साष्टी अखेर कोणाकडे राहिली? उत्तर खरें तेंच दिलें पाहिजे: इंग्रजांकडे. १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांनीं वसई परत केली, साष्टी ठेविली. लबाडाचें तळपट होतें असें आपण मुलांस शिकवितों. इतिहास दर वेळीं तसें दाखवीत नाहीं. कारनॅकची नोकरी गेली खरी. परंतु मुख्य किंमत दुसऱ्यांनीं दिली. युद्ध आणखी तीन वर्षें चाललें. १७८० त कल्याण इंग्रजांनीं घेतलें, तें परत घेण्यासाठीं मराठे आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वसई पडली. ज्यांच्या भातशेतांतून ह्या फौजा गेल्या त्यांपैकीं कोणीं वडगांवास सही केली नव्हती. दोन्हीं ओलीसांस मात्र महादजींनीं १७८० त सुखरूप सोडून दिलें.

आतां डोंबिवलीकडे पाहा. तेथें ६५ इमारतींसाठीं महापालिकेच्या बांधकाम परवानगीचे खोटे कागद तयार केले गेले, आणि ते दाखवून महारेराची नोंदणी मिळविली गेली. तो नोंदणीक्रमांक पाहून माणसांनीं घरें घेतलीं, बँकांचें कर्ज काढलें. १९ नोव्हेंबर २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ह्या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा हुकूम दिला. खोटा शिक्का मारणारा एक, आणि घर जाणार म्हणून रात्रभर जागणारा दुसरा.

आपल्या मंडळींतील एखादें कुटुंब तिकडे घर घेण्यास निघालें असेल, तर प्रचारकानें त्यांजबरोबर महापालिकेच्या कचेरींत जावें आणि परवानगीचा कागद मूळ दप्तराशीं ताडून पाहावा. नुसत्या नोंदणीक्रमांकावर थांबूं नये. सभेंत चर्चेसाठीं हा प्रश्न घ्यावा: फार्मरनें मुखत्यारी नाहीं हें आरंभींच सांगितलें होतें, मग तहावर विश्वास ठेवण्यांत मराठ्यांची चूक झाली काय? आणि तसें असेल, तर डोंबिवलींत घर घेणाऱ्यांची कोणती?