साहित्य म्हणजे काय?



मागच्या शनिवारी गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकासाठी साहित्य आणा." सोमवारी मी कात्री, पुठ्ठा आणि वाटीत खळ घेऊन गेले. बाकीच्यांनी गोष्टी, कविता आणल्या होत्या. सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "तिचंही बरोबर आहे. तू आता या शब्दावरच लिही."

साहित्य हा शब्द 'सहित' पासून झाला. सहित म्हणजे सोबत. एखाद्या कामाला लागणाऱ्या वस्तू एकत्र केल्या की ते त्या कामाचे साहित्य. कथा, कविता, नाटके यांनाही साहित्यच म्हणतात. म्हणून वाटेगावला १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांना साहित्यरत्न म्हणतात.

हा शब्द नपुंसकलिंगी आहे. वस्तू दहा असल्या तरी आपण 'साहित्य आणले' असेच म्हणतो. सामान आणि साहित्य यांत थोडा फरक आहे. बाजारातून पिशवी भरून आणले ते सामान. त्यातला रवा, साखर, तूप शिऱ्याला काढून ठेवले की ते शिऱ्याचे साहित्य. हे आईने सांगितले.

प्रयोगाच्या वहीत आधी साहित्य लिहितात, मग कृती. मी मेणबत्ती, बशी, पेला असे लिहिले. गुरुजींनी शेजारी लाल शाईने लिहिले, "मेणबत्ती पेटवलीस कशाने?" काडेपेटी राहिली होती!

वहीत विसरले तर एक गुण जातो. पण आमचे आबा गवंडी आहेत. त्यांचे साहित्य म्हणजे थापी, ओळंबा, गुण्या आणि सूतदोरी. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली, ते त्याने कळते. एकदा तो मी खेळायला घेतला आणि माळ्यावर विसरले. आबांनी त्या दिवशी नजरेनेच भिंत धरली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर भिंत कललेली. वरचे थर काढून परत बांधावे लागले. त्या दिवसाची मजुरी मिळाली नाही. आबा रागावले नाहीत, नुसते जेवायला बसले. मला मात्र घास गिळेना. मग मीच सांगितले, की ओळंबा मी नेला होता.

"आता रोज पिशवी तूच भरायची," आबा म्हणाले. मी रोज सकाळी मोजून भरते. ओळंबा सगळ्यात आधी.

आणि माझी खळ वाया गेली नाही. हा कागद तिनेच चिकटवला आहे.

इयत्ता चौथी