घरातील छोटा संगणक मंदावतो तेव्हा

घरातील दिवे, पंखे, पाण्याचा पंप, दारावरची घंटा ही साधने एकमेकांशी जोडून ती ठराविक वेळी वा ठराविक प्रसंगी आपोआप चालावीत, अशी व्यवस्था आता सामान्य कुटुंबांतही होऊ लागली आहे. तिला गृहस्वयंचलन असे म्हणतात. रात्री वृद्ध आई उठली की न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा लागावा, टाकी भरली की पंप थांबावा, अशी कामे या व्यवस्थेवर सोपविली जातात. या साऱ्याचा कारभार पाहणारा एक छोटा संगणक घरात असतो. त्याला प्रचारात हब म्हणतात. हा हब मंदावून वाटेवरचा दिवा चार सेकंद उशिरा लागला, तर तोवर वृद्ध माणूस अंधारात चार पावले चाललेले असते. यास्तव हा विषय केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. नवे यंत्र विकत आणण्यापूर्वी असलेल्या यंत्रातील दोष पद्धतशीर कसा शोधावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

उदाहरण म्हणून घेतलेली व्यवस्था

या क्षेत्रात होम असिस्टंट ही आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, बरीच प्रचारात आहे. पाउलस स्खाउत्सन यांनी २०१३ मध्ये तिचा प्रारंभ केला. ती विनामूल्य असून तिची घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे. २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन ही संस्था तिचा सांभाळ करते. ही आज्ञावली अनेकांनी रास्पबेरी पाय ३ या तळहाताएवढ्या संगणकावर बसविली. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्राची स्मृती अवघी १ जीबी आहे आणि माहिती साठविण्यासाठी त्यात मेमरी कार्ड वापरतात. आरंभी पाचदहा साधने असताना ते उत्तम चालते. पुढे साधने वाढतात, दरमहा आज्ञावलीची नवी आवृत्ती येते, आणि एके दिवशी दिवा उशिरा लागू लागतो.

लक्षणावरून निदान

दोषशोधनाचा पहिला नियम असा की, कशालाही हात लावण्यापूर्वी लक्षण नीट पाहावे. पुढील पाच लक्षणे वेगवेगळ्या कारणांकडे बोट दाखवितात.

१. हब मधूनच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा वीजपुरवठ्यात दोष असतो.
२. सुरू केल्यावर काही दिवस ठीक चालून मग हळूहळू मंदावत असेल व पुन्हा सुरू करताच सुधारत असेल, तर एखादी आज्ञावली स्मृती व्यापत चालली आहे असे समजावे.
३. दिवे वेळेवर लागतात, पण मागील नोंदींचा आलेख उघडण्यास फार वेळ लागतो, अशी स्थिती असेल तर मेमरी कार्ड वा नोंदींचा साठा तपासावा.
४. एकाच जातीची साधने उशीर करीत असतील, तर दोष हबमध्ये नसून रेडिओ संदेशांत किंवा इंटरनेटच्या वाटेवर असतो.
५. सर्वच साधने सर्व वेळ संथ असतील, तर हबवर कामाचा भार अधिक झाला आहे.

पहिली तपासणी : वीज आणि उष्णता

सर्वांत स्वस्त तपासणी प्रथम करावी. रास्पबेरी पाय ३ ला ५.१ व्होल्ट व २.५ अँपिअर देणारा पुरवठा लागतो. जुन्या मोबाइलचा चार्जर जोडल्यास काम चालल्यासारखे दिसते, परंतु भार वाढताच दाब घसरतो. तो सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की यंत्र कमी दाबाची सूचना नोंदविते आणि स्वतःची गती उतरविते. असे झाल्यावर आज्ञावलीत कितीही फेरफार केले तरी ते व्यर्थ होत. तसेच प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की तो आपणहून मंद होतो. म्हणून हब बंद कपाटात वा राउटरच्या पाठीवर न ठेवता मोकळ्या हवेत ठेवावा.

दुसरी तपासणी : स्मृती

होम असिस्टंटच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्याखाली हार्डवेअर हे पान आहे. तेथे प्रोसेसरवरील भार व वापरलेली स्मृती दिसते. दोन-तीन दिवस ठराविक वेळी हे आकडे वहीत टिपून ठेवावेत. स्मृती पुरेनाशी झाली की लिनक्स प्रणाली एखादे चालू काम सक्तीने थांबविते. वरवर पाहता एखादी जोड-आज्ञावली उगीचच बंद पडल्यासारखे वाटते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

अशा वेळी बोजड कामे हबवरून उतरवावीत. कॅमेऱ्याच्या चित्रातून माणूस ओळखणे, किंवा सेन्सरमध्ये भरावयाची आज्ञावली तयार करणे, ही कामे १ जीबी स्मृतीच्या यंत्राने करू नयेत. ती घरातील दुसऱ्या संगणकावर करता येतात. पूर्वी हौसेने बसविलेल्या व आता न वापरलेल्या जोड-आज्ञावल्या काढून टाकल्या, तरी पुष्कळ जागा मोकळी होते.

दोषी आज्ञावली कोणती हे कळत नसेल, तर हब सेफ मोडमध्ये सुरू करून पाहावा. या स्थितीत बाहेरून आणून बसविलेले भाग बाजूस राहतात. हब एकाएकी चपळ झाला, तर दोष त्या बाहेरच्या भागांत आहे. मग त्यांतील निम्मे बंद करावेत. सुधारणा झाली तर दोष त्या निम्म्यात, न झाली तर उरलेल्यांत. पुन्हा त्यांतील निम्मे बंद करावेत. या रीतीने सोळा भागांतून एक दोषी भाग चार फेऱ्यांत सापडतो.

तिसरी तपासणी : नोंदींचा साठा

होम असिस्टंटमधील रेकॉर्डर हा भाग प्रत्येक साधनाच्या स्थितीतील बदल टिपून ठेवतो. नेहमीच्या मांडणीत तो दहा दिवसांच्या नोंदी राखतो व दर पाच सेकंदांनी त्या कार्डावर लिहितो. विजेचा वापर मोजणारे एखादे साधन दर सेकंदाला नवा आकडा पाठवीत असेल, तर ते एकटेच दिवसाला ८६,४०० नोंदी करील. मेमरी कार्ड सततच्या लेखनाने झिजते, आणि लेखन चालू असताना वीज गेली तर साठा बिघडण्याचा धोका असतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, हे ध्यानी घेता ही बाब उपेक्षणीय नाही.

यावर तीन उपाय आहेत. ज्या साधनांचा इतिहास पाहण्याची गरज नाही ती नोंदीतून वगळावीत. लेखनाचे अंतर पाचवरून तीस सेकंदांवर न्यावे. जमल्यास कार्डाऐवजी यूएसबीने जोडलेली एसएसडी वापरावी. मात्र तीही वीज ओढते, म्हणून पहिली तपासणी आधी पूर्ण झालेली असावी. हब व राउटर या दोहोंना एक लहान यूपीएस जोडणे हिताचे ठरते.

चौथी तपासणी : संदेशांची वाट

राउटर चालू ठेवून त्यात बाहेरून येणारी इंटरनेटची तार थोडा वेळ काढून ठेवावी. जी साधने आता चालेनाशी होतात ती दूरच्या कंपनीच्या संगणकावर अवलंबून आहेत असे सिद्ध होते. त्यांच्या विलंबाचा दोष हबला देऊ नये. अंधाऱ्या वाटेवरील दिव्यासारख्या महत्त्वाच्या कामी अशी परावलंबी साधने वापरूही नयेत.

झिग्बी पद्धतीची साधने वायफायप्रमाणेच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. त्यांचा ग्राहक-खुंटा थेट हबमध्ये खोचलेला असल्यास जवळच्या यंत्रांचा त्यास उपद्रव होतो. मीटरभर लांबीच्या यूएसबी तारेने तो दूर ठेवल्यास पुष्कळदा आश्चर्यकारक सुधारणा दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विजेवर चालणारे बहुतेक झिग्बी दिवे दूरच्या सेन्सरचे संदेश पुढे पोहोचवितात. घरातील कोणी सवयीने भिंतीवरील बटण बंद केले, तर तो दिवा व त्याबरोबर संदेशाचा तो टप्पाही नाहीसा होतो. यासाठी घरातील मंडळींना ही गोष्ट समजावून सांगणे हाही दुरुस्तीचाच भाग होय.

पथ्ये

एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा हे कळत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीपूर्वी राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घ्यावी व ती हबबाहेर ठेवावी. ही प्रत सांकेतिक कुलुपात असल्यास तिची किल्ली कागदावर उतरवून कपाटात जपावी. किल्लीवाचून प्रत निरुपयोगी असते. ३२ बिटांच्या प्रणालींचा आधार थांबविण्याचे या प्रकल्पाने २०२५ मध्ये जाहीर केले. रास्पबेरी पाय ३ चा प्रोसेसर ६४ बिटांची प्रणाली चालवू शकतो. यास्तव जुनी प्रणाली वापरणाऱ्यांनी राखीव प्रत घेऊन ६४ बिटांची नवी मांडणी करावी.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य असे की, हब बंद असतानाही घर चालले पाहिजे. वाटेवरच्या दिव्यास हाताने दाबण्याचे बटण असावे, पंपास स्वतंत्र फ्लोट स्विच असावा, आणि ते कोठे आहेत हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

एवढे करूनही स्मृती सदैव भरलेलीच आढळली, तर २ ते ४ जीबी स्मृतीचे यंत्र घ्यावे. तो खर्च मग वहीतील आकड्यांच्या आधारे केलेला असेल. तथापि अनेक घरांत असे आढळून येईल की, योग्य चार्जर, मीटरभर तार आणि नको असलेल्या नोंदींस रजा, एवढ्यावरच जुना हब आणखी काही वर्षे निष्ठेने सेवा देऊ शकतो.